खासगी करमणूक, सार्वजनिक पैसा: सवलतीचा प्रस्ताव कसा तपासावा

मल्टिप्लेक्स, वॉटर पार्क, रिसॉर्ट, क्लब, रेसकोर्स, क्रिकेटचे स्टेडियम हे सारे करमणुकीचे व्यवसाय आहेत. तिथे जाणारा तिकीट काढतो किंवा वर्गणी भरतो आणि चालवणारा त्यातून खर्च भागवून नफा मिळवतो. अशा व्यवसायाला सरकारने किंवा महापालिकेने जमीन, करमाफी, पाणी, बंदोबस्त किंवा रोख रक्कम दिली, की तिथे आयुष्यात कधी पाऊल न टाकणाराही त्या खर्चात वाटेकरी होतो. साबणाच्या वडीवर जीएसटी भरणारा शेतमजूर हाही करदाताच असतो. म्हणून अशा प्रत्येक प्रस्तावाला एक साधा प्रश्न विचारावा लागतो: जे लोक तिकीट काढणार नाहीत, त्यांच्या पदरात काय पडणार? उत्तर स्पष्ट, लेखी आणि मोजता येण्याजोगे असेल, तर मदतीचा विचार करता येतो. तसे उत्तर नसेल, तर मदत देऊ नये.

सवलतीची रूपे

सार्वजनिक मदत अनेक वाटांनी जाते. भांडवली अनुदान किंवा व्याजातील सवलत ही रोख मदत झाली. करमाफी किंवा कराचा परतावा ही दुसरी वाट. महाराष्ट्राच्या पर्यटन धोरणांत पर्यटन प्रकल्पांना राज्य जीएसटीचा परतावा, मुद्रांक शुल्क आणि वीज शुल्कात सूट अशी प्रोत्साहने दिली जातात. नाममात्र भाड्याने दिलेली सरकारी किंवा पालिकेची जमीन ही तिसरी वाट असून शहरांत सर्वांत महाग तीच पडते. पोलीस बंदोबस्त, पाणी आणि कचरा उचलणे या सेवा पूर्ण मोबदला न घेता पुरवणे ही चौथी. प्रकल्पापर्यंतचा रस्ता, पूल किंवा जलवाहिनी सार्वजनिक खर्चाने बांधणे ही पाचवी, आणि साचलेली थकबाकी माफ करणे ही सहावी.

यांपैकी रोख अनुदान आणि सार्वजनिक बांधकामे अर्थसंकल्पात खर्च म्हणून दिसतात. इतर वाटांनी जाणारा बहुतेक पैसा तिजोरीत आलेलाच नसतो, म्हणून तो कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. परंतु सोडून दिलेला महसूल हाही खर्चच असतो. केंद्र सरकार २००६-०७ पासून करसवलतींमुळे बुडणाऱ्या महसुलाचे विवरण अर्थसंकल्पासोबत मांडते, त्यामागे हेच तत्त्व आहे. नगरपालिका किंवा महापालिकेच्या पातळीवर हा हिशेब बहुधा नागरिकालाच मांडावा लागतो.

मल्टिप्लेक्सचे उदाहरण

महाराष्ट्रात खासगी करमणुकीला दिलेल्या सवलतीचे सर्वांत स्वच्छपणे अभ्यासता येणारे उदाहरण मल्टिप्लेक्सचे आहे. २००१ मध्ये व्ही. शांताराम यांच्या जन्मशताब्दीचे औचित्य साधून राज्य सरकारने नव्या मल्टिप्लेक्सना करमणूक शुल्कात सवलत जाहीर केली. पहिली तीन वर्षे शुल्क पूर्ण माफ, पुढील दोन वर्षे २५ टक्के आकारणी आणि सहाव्या वर्षापासून पूर्ण दर, असे तिचे स्वरूप होते. चित्रपटगृहांतील प्रेक्षकसंख्या घटली आहे, नवी चित्रपटगृहे जवळपास उभी राहत नाहीत, मल्टिप्लेक्सला भांडवल फार लागते आणि ते वसूल व्हायला बराच काळ जातो, अशी कारणे सरकारने दिली होती.

या सवलतीचा आकार समजण्यासाठी एक कल्पित हिशेब पाहता येतो. एखाद्या मल्टिप्लेक्सचे वार्षिक करमणूक शुल्क १ कोटी रुपये धरले, तर पाच वर्षांत ५ कोटी भरावे लागले असते. सवलतीमुळे पहिल्या तीन वर्षांचे ३ कोटी आणि पुढील दोन वर्षांचे दीड कोटी, असे साडेचार कोटी वाचतात. शुल्क माफ झाले तरी तिकीट तितक्या प्रमाणात स्वस्त झाले नाही, तर ही रक्कम प्रेक्षकाच्या खिशातून निघून तिजोरीऐवजी मालकाकडे राहते.

या सवलतीचे स्वरूप नेमके काय, हा वाद आयकराच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ७ डिसेंबर २०१७ च्या निकालात न्यायालयाने सवलतीचा हेतू नवी चित्रपटगृहे उभी करण्याचा असल्याचे मान्य केले आणि ती रक्कम भांडवली स्वरूपाची ठरवली. अशी भांडवली जमा तेव्हा करपात्र उत्पन्नात धरली जात नसल्यामुळे व्यावसायिकांना त्या रकमेवर आयकरही भरावा लागला नाही. राज्याने दिलेल्या सवलतीचा परिणाम असा केंद्राच्या महसुलापर्यंत पोहोचला.

सवलतीत दोन गुण होते. तिला मुदत होती आणि दर टप्प्याटप्प्याने वाढत होता. ‘नवा उद्योग आहे, थोडा आधार द्या’ या मागणीला द्यायचे उत्तर असेच असावे. मात्र बदल्यात प्रेक्षकाला काय मिळणार, हे त्याच वेळी लिहून घेतले नाही तर नंतर ते मागता येत नाही. चित्रपटगृहात बाहेरचे खाद्यपदार्थ नेण्याचा वाद हा त्याचा दाखला आहे. जम्मू-काश्मीरमधून आलेल्या प्रकरणात जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगृह ही मालकाची खासगी मालमत्ता असल्याचे सांगून बाहेरचे खाद्यपदार्थ रोखण्याचा त्याचा अधिकार मान्य केला, पिण्याचे पाणी मात्र विनामूल्य द्यावे लागेल असे नमूद केले. सार्वजनिक मदतीचा उल्लेख करून पुढे हक्क सांगायचे असतील, तर ते मदत देतानाच अटींत उतरवावे लागतात.

जमीन: न दिसणारे सर्वांत मोठे अनुदान

मुंबईसारख्या शहरात जमिनीइतकी मौल्यवान सार्वजनिक मालमत्ता दुसरी नाही. महालक्ष्मी रेसकोर्सची जागा सुमारे २११ एकरांची आणि सार्वजनिक मालकीची. रेसकोर्स चालवणाऱ्या क्लबचा भाडेपट्टा ३१ मे २०१३ रोजी संपला, तरी पुढचे निश्चित स्वरूप ठरायला दहा वर्षांहून अधिक काळ लागला. २०२४ मध्ये सुमारे १२० एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी घेण्याचे आणि ९१ एकर जागा क्लबकडे भाडेपट्ट्याने ठेवण्याचे ठरले. भाडेपट्टा संपतो त्या दिवशी लोकांच्या हाती अटी नव्याने ठरवण्याची संधी येते. म्हणून नागरिकांनी आपल्या गावातील क्लब, जिमखाने आणि जलतरण तलावांच्या भाडेपट्ट्यांच्या संपण्याच्या तारखा आधीच शोधून ठेवाव्यात.

मुंबईतील मैदाने आणि मोकळ्या जागा देखभालीसाठी संस्थांकडे सोपवण्याच्या पद्धतीतूनही असाच धडा मिळाला. काही भूखंडांवर क्लब उभे राहिले आणि सर्वसामान्यांना तिथे जाणे अवघड झाले. महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने जानेवारी २०१६ मध्ये मोकळ्या जागांचे दत्तक धोरण मंजूर केल्यावर नागरिकांनी तीव्र विरोध केला. तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्याला स्थगिती देऊन संस्थांकडील भूखंड परत घेण्याचे निर्देश दिले. योग्य वेळी संघटितपणे केलेली हरकत धोरण थांबवू शकते, हे यातून दिसले.

मुंबईबाहेरच्या महापालिकांना लागू असलेल्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ७९ मध्ये पालिकेची मालमत्ता विकताना किंवा भाडेपट्ट्याने देताना मोबदला चालू बाजारमूल्यापेक्षा कमी नसावा, असे तत्त्व घातलेले आहे. एखाद्या प्रस्तावात भाडे त्याहून कमी दिसले, तर ते कोणत्या तरतुदीखाली कमी केले, हे विचारण्याचा आधार इथेच मिळतो.

बंदोबस्त आणि पाणी

व्यावसायिक क्रिकेट सामन्याला लागणारा पोलीस बंदोबस्त हा आयोजकाच्या व्यवसायाचाच खर्च आहे. त्याचे शुल्क आकारण्याची पद्धत महाराष्ट्रात आहे. मात्र जून २०२३ मध्ये राज्य सरकारने हे शुल्क कमी केले आणि ती कपात २०११ पासून मागील तारखेने लागू केली. त्याला मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकेद्वारे आव्हान देण्यात आले. इथे लक्षात घेण्याजोगा मुद्दा मागील तारखेचा आहे. पुढच्या सामन्यांसाठी दर कमी केले, तर निदान नवे सामने यावेत म्हणून प्रोत्साहन दिले, असे म्हणता येते. होऊन गेलेल्या सामन्यांचे शुल्क घटवल्याने मात्र कोणतीही नवी गोष्ट घडत नाही. प्रस्तावात ‘पूर्वलक्षी प्रभावाने’ हे शब्द आले, की त्यामागचे सार्वजनिक हित वेगळे विचारावे.

पाण्याचे मोल दुष्काळात कळते. एप्रिल २०१६ मध्ये राज्य होरपळत असताना खेळपट्ट्या आणि मैदानांसाठी वापरल्या जाणाऱ्या पाण्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला, आणि ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्याचा आदेश न्यायालयाने दिला. वॉटर पार्क, गोल्फ मैदान किंवा रिसॉर्टचा प्रस्ताव टंचाईग्रस्त तालुक्यात आला, तर पाणी किती, कोणत्या स्रोतातून, कोणत्या दराने आणि टंचाई जाहीर झाल्यावर पुरवठा किती कमी होणार, हे चार आकडे ग्रामसभेने मागावेत. स्वतःचे सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याची अट लेखी असावी.

रोजगाराचा दावा

‘शेकडो हातांना काम मिळेल, परिसराची भरभराट होईल’ हे वाक्य अशा बहुतेक प्रस्तावांत असते. त्याची सर्वांत बारकाईने तपासणी अमेरिकेत, व्यावसायिक खेळांच्या स्टेडियमबाबत झाली आहे. रॉजर नोल आणि अँड्र्यू झिम्बालिस्ट या अर्थतज्ज्ञांनी संपादित केलेल्या १९९७ च्या अभ्यासात स्टेडियमवरील सार्वजनिक खर्च करांच्या रूपाने भरून निघत नसल्याचा निष्कर्ष निघाला, आणि नंतरच्या बहुतेक संशोधनाने तो उचलून धरला.

त्यामागचे कारण घरखर्चाइतके सोपे आहे. कुटुंब करमणुकीवर महिन्याला ठरावीक पैसे खर्च करते. नवे ठिकाण उघडले की जुन्या नाट्यगृहात, खाणावळीत किंवा जत्रेत जाणारा पैसा तिकडे वळतो. एका जागी रोजगार वाढलेला दिसतो, तर दुसरीकडे तो शांतपणे कमी होतो. गावात खरी भर पडते ती बाहेरून येणाऱ्या पाहुण्याच्या खर्चामुळे, आणि तीही तो पैसा नफा म्हणून गावाबाहेर न जाता स्थानिक मजुरी, भाजीपाला आणि वाहतूक यांवर जितका खर्च होईल तितकीच.

तरीही शहरे मदत देत राहतात, कारण मालक निघून जाण्याची भीती घालतो. मिझुरीतील जॅक्सन काउंटीच्या मतदारांनी २ एप्रिल २०२४ रोजी बेसबॉल आणि फुटबॉल संघांच्या स्टेडियमसाठी ४० वर्षांचा विक्रीकर नाकारला. त्यानंतर जूनमध्येच शेजारच्या कॅन्सस राज्याने स्टेडियमच्या ७० टक्क्यांपर्यंत खर्च रोख्यांतून उभारू देणारा कायदा केला. भारतातही पर्यटन प्रकल्पांसाठी राज्ये एकमेकांपेक्षा जास्त सवलती देऊ करतात. ‘शेजारचे राज्य देते’ हे कारण सांगितले गेले, तर प्रकल्प सवलतीविनाही इथेच आला असता का, हे तपासावे. डोंगर, धबधबा, समुद्रकिनारा किंवा महानगराचा ग्राहक उचलून दुसऱ्या राज्यात नेता येत नाही.

मदत केव्हा योग्य ठरते

सार्वजनिक पैसा करमणुकीत जाऊच नये, असा याचा अर्थ नाही. संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत उद्याने, बागा आणि क्रीडांगणे पुरवणे हे नगरपालिकांचे काम म्हणून नोंदवलेले आहे. हे काम पालिकेने स्वतः न करता खासगी संस्थेकडून करून घेतले, तर ती सेवेची खरेदी ठरते. जलतरण तलाव खासगी संस्था चालवते, परंतु पालिका शाळांतील मुलांना रोज दोन तास विनामूल्य शिकवते, अशा व्यवस्थेत पालिका काय विकत घेते हे स्पष्ट असते.

दुसरा योग्य प्रसंग म्हणजे बाजार जे टिकवू शकत नाही, पण समाजाला जे हवे असते, ते. हिंदी चित्रपटांच्या मोठ्या बाजारपेठेशेजारी मराठी चित्रपटाला राज्य सरकार दर्जा तपासून अर्थसाहाय्य देते, त्याला भाषा आणि कलेचे कारण आहे. तिसरा प्रसंग दुर्गम भागाचा. जिथे पहिला प्रयत्न कोणी करत नाही, तिथे थोड्या मुदतीचा आधार देऊन मार्ग मोकळा करता येतो. भरभराटीच्या उपनगरातील आलिशान क्लब या तिन्हींपैकी कशातच बसत नाही.

प्रस्तावाला विचारायचे सात प्रश्न

१. सार्वजनिक हेतू कोणता? ‘विकास’ किंवा ‘पर्यटनाला चालना’ पुरेसे नाही. किती मुलांना, किती तास, कोणती सोय, असे उत्तर हवे.

२. मदतीची एकूण किंमत किती? रोख, कर, जमीन, सेवा आणि बांधकामे एकत्र करून, पूर्ण मुदतीसाठी.

३. मदतीविना प्रकल्प झाला असता का? शेजारी तसाच व्यवसाय सवलतीशिवाय नीट चालत असेल, तर मदतीची गरज उरत नाही, आणि ती दिल्यास त्या शेजाऱ्यावर अन्यायही होतो.

४. लाभ कोणाला? तिकिटाचा किंवा सदस्यत्वाचा दर परिसरातील सर्वसाधारण कुटुंबाला परवडतो का?

५. त्याच पैशात दुसरे काय झाले असते? खेळाचे मैदान, वाचनालय, नाट्यगृहाची दुरुस्ती यांच्याशी थेट तुलना करावी.

६. निवड कशी झाली? सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मध्य प्रदेशातील एका प्रकरणात जाहिरात न देता एका संस्थेला केलेले सरकारी जमिनीचे वाटप रद्द ठरवले. २०१२ मध्ये प्रत्येक वेळी लिलावच हवा असे नाही, असे स्पष्ट करतानाही प्रक्रिया न्याय्य आणि मनमानीविरहित असली पाहिजे, हे कायम ठेवले.

७. शेवट केव्हा? मुदत, टप्पे आणि मुदतीनंतरची स्थिती लिहिलेली आहे का?

हिशेब कसा मांडावा

समजा, पालिकेच्या एका भूखंडाचे बाजारभावाने वार्षिक भाडे ४० लाख रुपये होते आणि तो क्लबला वर्षाला १ लाखाने ३० वर्षांसाठी देण्याचा प्रस्ताव आहे. वर्षाला ३९ लाख सोडले जातात. दर स्थिर धरले तरी ३० वर्षांत ही रक्कम ११ कोटी ७० लाख होते. क्लबचे २,००० सदस्य असतील, तर प्रत्येक सदस्यामागे पालिका वर्षाला १,९५० रुपये देते. हा शेवटचा आकडा सभेत मांडावा. ‘नाममात्र भाडे’ ऐकून कोणाला काही वाटत नाही, पण एका सदस्याच्या करमणुकीवर शहर दरवर्षी किती खर्च करते, हे ऐकल्यावर चर्चा योग्य जागी येते. बाजारभावाचा अंदाज घेण्यासाठी शासनाचे वार्षिक बाजारमूल्य दर, म्हणजे रेडी रेकनर, हा सर्वांना उपलब्ध असलेला आधार आहे.

करारात काय असावे

मदत द्यायचीच ठरली, तर करारात काही कलमे असलीच पाहिजेत. सर्वसामान्यांसाठी खुला वेळ आणि त्याचा कमाल दर आकड्यांत असावा. सवलत एकदम न देता, ठरलेली सेवा दिल्याच्या प्रमाणात वर्षागणिक द्यावी. अट मोडल्यास दिलेली रक्कम व्याजासह परत घेण्याची तरतूद असावी. नफा ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास पालिकेला वाटा मिळावा. लग्नसमारंभ, हॉटेल किंवा पोटभाडेकरू यांना बंदी किंवा स्पष्ट मर्यादा असावी, कारण क्रीडांगणाचे मंगल कार्यालय याच वाटेने होते. भाडे दर काही वर्षांनी बाजारमूल्याशी जोडून वाढावे, मुदतवाढ आपोआप मिळू नये आणि वार्षिक हिशेब पालिकेच्या लेखापरीक्षकांसाठी खुला असावा.

कागद कुठे मिळतात, हरकत केव्हा घ्यावी

शासन निर्णय राज्य सरकारच्या संकेतस्थळावर मिळतात. महापालिकेच्या पातळीवर सर्वसाधारण सभेची कार्यक्रमपत्रिका, ठराव आणि मालमत्ता विभागाची भाडेपट्ट्यांची नोंदवही पाहावी. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार अनुदान कार्यक्रमांच्या रकमा आणि लाभार्थी, तसेच सवलती व परवाने मिळालेल्यांचा तपशील सार्वजनिक प्राधिकरणाने कोणी मागण्याआधीच प्रसिद्ध करायचा असतो.

तो मिळाला नाही, तर १० रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. म्हणून ‘सर्व माहिती द्या’ असे न लिहिता भाडेपट्ट्याची प्रत, मागील पाच वर्षांत भरलेले भाडे, थकबाकी आणि अटींच्या तपासणीचे अहवाल एवढेच मागावे. कारण सांगण्याची गरज नसते. ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा ते अपुरे असल्यास पुढील ३० दिवसांत प्रथम अपील आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. ‘व्यापारी गुपित’ म्हणून नकार आला, तर कलम ८(१)(ड) मध्येच व्यापक लोकहितासाठी माहिती देण्याची मुभा असल्याचे अपिलात दाखवून द्यावे.

विकास आराखड्यातील आरक्षण बदलून मैदान किंवा बाग व्यावसायिक करमणुकीसाठी देण्याचा प्रस्ताव असेल, तर प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली हरकती व सूचनांसाठी एक महिना मिळतो. हरकत लेखी द्यावी, पोच घ्यावी आणि सुनावणीला हिशेब घेऊन जावे. करार होण्याआधी घेतलेली हरकत सर्वांत परिणामकारक असते. भाडेपट्टा संपण्याच्या आधीचे वर्ष ही दुसरी संधी.

सवलत मंजूर झाल्यानंतरही काम संपत नाही. दरवर्षी अटींच्या पालनाचा अहवाल मागावा. मुदत संपल्यावर पूर्ण दराने कर किंवा भाडे सुरू झाले का, हे पहिल्याच महिन्यात तपासावे. सुरू झाले नसेल, तर त्या दिवसापासूनची थकबाकी मोजून लेखी मागणी नोंदवावी.